दाव्याचे वाक्य : रासायनिक पेटंटांच्या भाषेविषयी

हळदीच्या पेटंटाची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायची गरज नाही. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना अमेरिकेत पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि नियतकालिके धुंडाळून बत्तीस संदर्भ पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने सगळे दावे फेटाळले. दिवाळी अंकांतूनच ही हकीकत मी दहा-बारा वेळा तरी वाचली असेन. पण ज्या वाक्यावरून हे सारे घडले, ते त्या पेटंटातले दाव्याचे वाक्य मला यांतल्या एकाही लेखात भेटले नाही.

ते वाक्य हळदीवर मालकी सांगत नव्हते. जखम भरून यावी म्हणून रुग्णाला परिणामकारक मात्रेत हळदपूड देण्याच्या पद्धतीवर ते मालकी सांगत होते, आणि तीही अमेरिकेपुरती. आजीच्या फडताळातल्या हळदीच्या डब्याला त्या पेटंटाने धक्का लागणार नव्हता. याने सीएसआयआरच्या कामगिरीचे मोल कमी होत नाही. त्यांच्या माणसांनी नेमके वाक्य वाचले, आणि हीच गोष्ट आधी कुठे छापलेली आहे ते शोधले; १९५३ च्या ‘जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन’मधला एक लेखही त्यांनी काढून दाखवला. ते वाचकांचे यश होते. आपण मात्र त्याचा पोवाडा केला, आणि पोवाड्यात वाक्यरचनेला जागा नसते.

हे मी थोड्या तक्रारीच्या सुरात लिहितो आहे, कारण माझे पोट या वाक्यांवर चालते. सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी पेटंट एजंटची परीक्षा दिली. गेली सत्तावीस वर्षे मुलुंडहून घाटकोपर, घाटकोपरहून अंधेरी असा प्रवास करून मी रंग, रेझिन, उत्प्रेरक, औषधांचे कच्चे माल आणि मिश्रधातू यांची स्पेसिफिकेशने लिहितो. वाङ्मयाचा वाचक म्हणून मला पडलेला प्रश्न असा : ज्या लेखनाच्या एकेका शब्दावर कारखाने चालतात आणि बंद पडतात, ते लेखन म्हणून कधी कोणी तपासले आहे का? निदान मराठीत तरी नाही. प्रस्तुत लेखात तसा थोडा प्रयत्न करतो.

आधी संज्ञेविषयी. शासनव्यवहारात पेटंटला ‘एकस्व’ म्हणतात. बोलताना कोणी हा शब्द वापरत नाही, मीही नाही; पण तो वाईट नाही. ‘सर्वस्व’मधला ‘स्व’ म्हणजे धन, मत्ता. तोच इथे आहे. एकट्याची मत्ता. ही मत्ता कशाची, हे मात्र शब्द सांगत नाही. बहुतेकांना वाटते पदार्थाची, किंवा कल्पनेची. प्रत्यक्षात ती वाक्याने आखलेल्या हद्दीची असते.

स्पेसिफिकेशनचे दोन भाग. पहिल्यात वर्णन : पूर्वी काय माहीत होते, त्यात अडचण काय होती, आम्ही काय केले, कसे केले, किती अंश तापमानाला, किती तास ढवळले, हाती काय आले. त्या विषयातल्या माणसाला वाचून तो पदार्थ करता आला पाहिजे. दुसऱ्या भागात दावे, आणि प्रत्येक दावा एकाच वाक्यात. ते वाक्य कितीही लांबले, पोटवाक्यांची उतरंड कितीही रचली, तरी पूर्णविराम एकच. आपल्या परंपरेतली जवळची उपमा सूत्र आणि भाष्याची. दावा हे सूत्र, वर्णन हे त्याचे भाष्य, आणि दोन्हींचा कर्ता एकच. फरक एवढाच की सूत्रकाराला अक्षरे वाचवायची असतात. दावा लिहिणाऱ्याला हद्द वाढवायची असते.

रसायनशास्त्रात ही हद्द वाढवण्याची सोय इतर शास्त्रांपेक्षा फार मोठी आहे. यंत्राच्या दाव्यात चाक म्हणजे चाक. रेणूच्या आकृतीत मात्र एका जागी ‘आर’ हे अक्षर ठेवायचे आणि खाली लिहायचे, आर म्हणजे मिथाइल, इथाइल, प्रोपाइल किंवा ब्यूटाइल. अशा चार जागा ठेवल्या आणि प्रत्येक जागी दहा पर्याय दिले की एका वाक्यात दहा हजार रेणू झाले. प्रयोगशाळेत केलेले असतात बारा-पंधरा. न्यू जर्सीतले रंगद्रव्य-उद्योजक युजीन मार्कुश यांच्या १९२४ च्या पेटंटात ‘अमुक गटातून निवडलेला’ अशी शब्दयोजना आली, आणि तेव्हापासून अशा दाव्याला जगभर मार्कुश दावा म्हणतात. लेखनप्रकाराला लेखकाचे नाव लागल्याचे उदाहरण साहित्यातसुद्धा फार नसेल.

केले बारा आणि कवेत घेतले दहा हजार, हे न्याय्य कधी आणि लबाडी कधी? भारतातला रासायनिक पेटंटांचा सारा वाद मला याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. एरवी तो ‘गरिबांची औषधे विरुद्ध परदेशी कंपन्या’ असा मांडला जातो. तसा तो आहेच. पण निकालपत्रे उघडली की आत जे चालते ते बरेचसे वाचन असते.

यातला माझ्या मते सर्वांत वाचनीय खटला आपल्या उपनगरांतला आहे, आणि उपनगरांना त्याची आठवण नाही. जोगेश्वरी पश्चिमेला, एस. व्ही. रोडच्या आत, युनिकेम लॅबोरेटरीज या कंपनीचे ठाणे होते. १९४४ मध्ये अमृत मोदी यांनी ती सुरू केली. इकडे मुलुंडला लाल बहादूर शास्त्री मार्गावर जर्मनीच्या होक्स्टचा कारखाना होता. साठच्या दशकात या दोन नावांत मुंबई उच्च न्यायालयात दावा चालला. वस्तू होती टोल्ब्युटामाइड, मधुमेहावरची गोळी. इन्सुलिनची सुई टोचण्याऐवजी गोळी घेता येणे ही तेव्हा घरोघरी जाणवणारी गोष्ट होती.

होक्स्टचे भारतीय पेटंट १९११ च्या कायद्याखालचे, म्हणजे सोळा वर्षांचे. त्यांच्या स्पेसिफिकेशनमध्ये सल्फोनिल युरिया या कुळातले पदार्थ तयार करण्याच्या मार्गांची मालिकाच होती. आधी थायोयुरिया करायचा आणि मग त्यातले गंधक काढून टाकायचे, हा त्यातला एक. युनिकेमची बाजू अशी की आमची कृती परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसवलेली आहे, तिला स्वतःचे वेगळे भारतीय पेटंट आहे, आणि आम्ही त्यानुसार माल काढतो. १९६८ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने होक्स्टचे पेटंट वैध ठरवले आणि युनिकेमने त्याचा भंग केला असे म्हटले.

सामान्य वाचकाला यात खटकणारी गोष्ट ही, की पेटंट असूनही भंग कसा? हाफकिनचे पेटंट खोटे होते का? मुळीच नाही. पेटंट हा करण्याचा परवाना नसतो. तो दुसऱ्याला अडवण्याचा हक्क असतो. हाफकिनच्या कृतीत नवे काही असेलही, पण ती ज्या वाटेने जात होती ती वाट होक्स्टच्या वाक्यात आधीच कुंपणाच्या आत आलेली होती. आत स्वतःची विहीर खणली म्हणून कुंपण सरकत नाही.

हे निकालपत्र मी अनेकदा वाचले आहे, आणि प्रत्येक वेळी माझ्यातले दोन वाचक भांडतात. एकाला होक्स्टच्या अज्ञात लेखकाचे कौतुक वाटते. प्रतिस्पर्धी रसायनज्ञ उद्या कुठून येईल याचा विचार करून त्याने एकेक दार आधीच लावून ठेवले. हे काम मी रोज करतो, त्यामुळे त्याची अवघड बाजू मला कळते. दुसऱ्या वाचकाला दिसतात परळचे रसायनज्ञ. सरकारी संस्थेत, मोजक्या साधनांनी त्यांनी मार्ग शोधला, आणि तो आधीच कोणीतरी ‘लिहून’ ठेवलेला निघाला. ‘केलेला’ की ‘लिहिलेला’, हा फरक मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. (होक्स्टला खलनायक करण्याचीही गरज नाही. पुढे मुलुंडच्याच त्यांच्या संशोधन केंद्रात कोलियस या वनस्पतीतून फॉर्स्कोलिन वेगळे काढले गेले, आणि जगभरच्या जीवरसायन प्रयोगशाळांत ते आजही वापरतात.)

खटला चालू असतानाच दिल्लीत कायदा बदलण्याची तयारी होत होती. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये दिलेल्या अहवालात दाखवून दिले होते की भारतातली बहुतांश पेटंटे परदेशी नावांवर आहेत आणि त्यांतली बहुतेक इथे कामाला लावलेलीच नाहीत. त्यातून १९७० चा कायदा आला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमाने अन्न, औषधे आणि रासायनिक प्रक्रियेने होणारे पदार्थ यांवर पदार्थाचे पेटंट बंद केले. पेटंट फक्त कृतीवर. अन्न आणि औषधांच्या कृतीची मुदतही सात वर्षांच्या आत आणली. या कलमातला एक कंस मला आवडतो. रासायनिक पदार्थ म्हणजे काय ते सांगताना तिथे मिश्रधातू, प्रकाशीय काच, अर्धवाहक आणि आंतरधातू संयुगे यांचीही नावे घेतली आहेत. १९७० मध्ये कोणाला तरी एवढी दूरदृष्टी होती की पदार्थविज्ञानाचे पुढचे दार कोणते ते त्याने ओळखले. चर्चा मात्र कायम औषधांचीच होते. हा कंस कोणी वाचत नाही.

पुढची तेहतीस वर्षे विक्रोळी, कांदिवली, जोगेश्वरी, अंधेरी इथल्या प्रयोगशाळांत ‘दुसरा मार्ग’ शोधण्याचे शास्त्र बहरले. माटुंग्याच्या यूडीसीटीतून बाहेर पडलेली पोरे त्यात तरबेज होती. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही.

१ जानेवारी २००५ पासून पाचवे कलम गेले, पदार्थाचे पेटंट परत आले, आणि त्याच्या बरोबर मार्कुशचे ‘आर’ही परत आले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसच्या खटल्यात जे म्हटले, ते लेखनसमीक्षा म्हणून वाचण्यासारखे आहे. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांचे खंडपीठ होते. रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेक या औषधातल्या इमॅटिनिब मेसिलेटच्या एका स्फटिकरूपावर कंपनीला पेटंट हवे होते. मूळ रेणूचे पेटंट १९९३ चे. कंपनीचा युक्तिवाद असा, की मेसिलेट क्षार जुन्या पेटंटाच्या कवेत येतो, पण तो तिथे उघड केलेला नाही. म्हणून तो नवा. म्हणजे जुन्या वाक्याची हद्द त्याच्यापर्यंत पोहोचते, ते वाक्य त्याला सांगत मात्र नाही. न्यायालयाने हे मानले नाही. कवेत घेणे आणि सांगणे यांत एवढी दरी ठेवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेत हेच जुने पेटंट या औषधावर लावलेले होते, हेही त्यांनी दाखवले. आणि मग एक वाक्य असे आले, ज्याचा आशय असा : शोधाच्या अंगच्या मोलावर नव्हे तर कुशल वकिलांच्या दावा लिहिण्याच्या कलाकुसरीवर पेटंटाची व्याप्ती ठरावी, अशा दिशेने या देशाचा कायदा जाऊ नये.

ते वाचले तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. माझ्या धंद्याविषयी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला अभिप्राय होता तो. मला तो पटला, आणि चपराकही बसली. दोन्ही एकदम होऊ शकते.

त्याआधी वर्षभर, ९ मार्च २०१२ रोजी, मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना निघाला होता. बायरच्या नेक्साव्हरचा महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवर होता. नॅटको ते ८,८८० रुपयांत देणार होती. किमतीचे हे आकडे सर्वांना पाठ आहेत. त्या आदेशात एका क्रियापदावर झालेली चर्चा कमी जणांना ठाऊक असते. शोध भारतात ‘कामाला लावला’ म्हणजे इथे बनवला, की आयात करून विकला तरी चालेल? कंट्रोलर कुरियन यांनी ‘इथे बनवला’ असा अर्थ घेतला. पुढे अपील मंडळाने परवाना कायम ठेवला, पण आयातीलाही काही प्रसंगी जागा असू शकते असे म्हटले. म्हणजे अँटॉप हिलच्या त्या इमारतीतही अखेर शब्दार्थाचाच कीस पडला.

आता माझे स्वतःचे एक वाक्य सांगतो. गेल्या काही वर्षांत मी दुसऱ्यांच्या दाव्यांवर मते देत आलो, तेव्हा आपले झाकून ठेवणे बरे नव्हे.

मरोळकडच्या एका गाळ्यात लोखंडावर द्यायचा गंजरोधक लेप करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. माणूस ओळखू येऊ नये म्हणून घटक सांगत नाही. क, ख आणि ग म्हणू. शिक्षण डिप्लोमापर्यंत, पण खाऱ्या फवाऱ्याच्या चाचणीतले त्यांच्या पट्ट्यांचे निकाल पाहून मी चकित झालो. विशेष म्हणजे त्यांनी अर्ज करण्याआधी एक किलोही माल विकला नव्हता. ही शहाणीव फार थोड्यांकडे असते. बहुतेक जण आधी प्रदर्शनात मांडतात, ग्राहकांना नमुने वाटतात, आणि मग माझ्याकडे येतात. तोवर नावीन्य गेलेले असते.

मी दावा लिहिला. परीक्षकाने तिसऱ्या कलमातल्या ‘ई’खाली हरकत घेतली : हे नुसते मिश्रण आहे, घटकांच्या गुणांची बेरीज, एकत्र आल्याने वेगळे काही घडते ते दाखवा. आमच्याकडे क, ख, ग या तिघांचेच आकडे चांगले होते. मुदत संपत आली होती. मी दाव्यातले ‘कम्प्रायझिंग’ काढून ‘कन्सिस्टिंग ऑफ’ केले. हरकत गेली, पेटंट मिळाले, त्यांनी पेढे आणले.

या दोन इंग्रजी शब्दांत फरक काय? पहिला म्हणतो : ज्यात क, ख, ग आहेत असा लेप, आणखी काही असले तरी चालेल. दुसरा म्हणतो : ज्यात क, ख, ग एवढेच आहेत असा लेप. दोन वर्षांनी भिवंडीकडच्या एकाने क, ख, ग घेतले, वर एक टक्का साधी भुकटी घातली आणि माल बाजारात आणला. त्याच्या लेपात चार घटक होते. आमच्या वाक्यात तीन‘च’ होते. मी दोन वकिलांची मते घेतली. दोघांनीही फाइल परत केली. दावा मागाहून रुंद करण्याची वाट कायद्यात नाही. दुरुस्ती करता येते ती आधीच्या हद्दीच्या आत राहूनच.

ते गृहस्थ माझ्यासमोर बसले. इंग्रजी दावा त्यांनी अनेकदा पाहिला होता, वाचला होता असे नव्हे. म्हणाले, “सर, हे मला मराठीत लिहून द्या.” मी त्यांच्यासमोरच कागदावर लिहायला घेतले. ‘क, ख आणि ग यांचाच बनलेला’ असे लिहिले आणि त्या ‘च’पाशी माझा हात थांबला. इंग्रजीत तो फरक मी शेकडो वेळा हाताळला आहे; तो परिभाषा म्हणून माहीत होता. मराठीत तो मला ऐकू आला. चौथा घटक घालणाऱ्याला दार कुठे आहे ते त्या एका अक्षराने बोट दाखवून सांगत होते.

त्यांनी कागद वाचला, घडी केली. “आणि कृती तर आपण सगळी छापलीच ना? अठरा महिन्यांनी?”

“हो.”

“म्हणजे मी त्यांना रेसिपी छापून दिली.”

“हो,” मी म्हणालो. दुसरे उत्तर नव्हते.

दोष परीक्षकाचा नव्हता. त्याची हरकत रास्त होती. चौथा घटक घालूनही परिणाम टिकतो याचे पाच-सहा प्रयोग मी त्यांच्याकडून आधीच करून घ्यायला हवे होते. मग ‘कम्प्रायझिंग’ राखता आले असते, आणि तेही प्रामाणिकपणे. होक्स्टच्या लेखकाने जे जास्त केले, ते मी कमी केले. त्याने न केलेलेही कुंपणात घेतले, मी केलेलेही बाहेर ठेवले. युनिकेमचा निकाल वाचताना माझ्यातले जे दोन वाचक भांडतात, त्यांना तिसरा येऊन मिळाला तो असा.

त्या दिवसापासून प्रत्येक दावा मी आधी मराठीत लिहितो. पेटंट कार्यालयाला कागद हिंदी किंवा इंग्रजीतच लागतात, म्हणून हे मसुदे कुठे दाखल होत नाहीत. टेबलाच्या खालच्या खणात पडून राहतात. पण अर्जदाराला मी तेच वाचून दाखवतो. तो दुकानदार असो की पीएच.डी., मराठी वाक्य ऐकताना तो मध्येच थांबवतो आणि विचारतो, ‘फक्त जस्तच का? मॅग्नेशियम घातले तरी होते.’ इंग्रजी मसुद्यावर असा प्रश्न मला सत्तावीस वर्षांत क्वचितच कोणी विचारला. मराठीत काही गोष्टी अडतातही. आपले विशेषण नामाच्या आधी येते, त्यामुळे लेप हा शब्द शेवटी येईपर्यंत दीड पान जाते आणि ऐकणाऱ्याचा दम सुटतो. मग मी वाक्य तोडतो, जे इंग्रजी दाव्यात चालणार नाही.

सध्या खणात वरच आहे तो घाटकोपरच्या एका बाईंचा उत्प्रेरक. काल संध्याकाळी फोनवर त्यांना मसुदा वाचून दाखवत होतो. ‘सुमारे ८० अंश सेल्सिअसला’ असे म्हटल्यावर त्यांनी थांबवले.

“सुमारे म्हणजे किती?”

“तुम्ही सांगा. कितीपर्यंत केलंय?”

“७२ ते ९१. ९१ ला जरा काळं पडतं, पण काम करतं.”

मी ‘सुमारे’ खोडले आणि ७२ ते ९१ लिहिले. मग त्यांना म्हटले, “९५ ला एकदा करून बघा. सोमवारपर्यंत सांगितलंत तरी चालेल.”